घरचं माणूस गेल्यावर शुद्धीस्थानाची धास्ती: नाशिकच्या नवख्या कॅथलिकांसाठी काय करायचं, कुठे जायचं, कशात फसायचं नाही

पप्पा जुलैत गेले, पहाटे, आयसीयूत. फादर पोचले तेव्हा अर्धा तास उलटून गेला होता. पप्पा प्रेसमधून रिटायर झालेले, नाशिकरोडचा पक्का माणूस, चर्चला मात्र नाताळ, ईस्टर आणि फेब्रुवारीतली बाळ येशूची यात्रा एवढंच. शेवटचं कन्फेशन (फादरांपुढे पापांची कबुली) कधी केलं होतं ते मम्मीलाही आठवेना. रात्रीचे दोन पेग ठरलेले, आणि काकांशी जागेवरून अकरा वर्षं अबोला. तर हे सगळं घेऊन माणूस गेला आणि मी पुढचे चार महिने रात्री तीन वाजता उठून बसायचे, की आता हे कुठे असतील, किती दिवस, आणि मी करतेय ते पुरतंय का.

त्यात आपलं गाव नाशिक. अख्ख्या देशातनं लोक इथे मेलेल्यांचं करायला येतात, रामकुंडावर अस्थी, त्र्यंबकला नारायण नागबळी. शेजारच्या काकूंनी अकराव्या दिवशी मायेनंच विचारलं, "काल दहावं कुठे केलंत गं, कावळा शिवला का लगेच?" मी म्हटलं आमच्यात नसतं काकू. दार लावून घेतलं आणि रडू आलं, कारण काकूंना निदान कावळा शिवला की कळतं तरी, आम्हाला कोण सांगणार?

मी फादर नाही, सिस्टर नाही, अंबडच्या एका कंपनीत अकाउंट्स बघते. पण चार महिने खूप जणांना विचारून, दोनतीनदा चुकीच्या ठिकाणी पैसे देऊन जे कळलं ते क्रमानं लिहितेय. ज्यांच्या घरी आत्ताच झालंय त्यांनी पायरी १ वाचून झोपावं, बाकीचं उद्या.

१. आधी शुद्धीस्थान म्हणजे काय ते नीट समजून घ्या

आपल्यातल्या बहुतेकांच्या डोक्यात शुद्धीस्थान म्हणजे नरकाचीच छोटी शाखा, आग तीच, फक्त मुदतीची. माझ्याही होतं, आजीनं तसंच सांगितलं होतं. चर्चची शिकवण तशी नाही. जे देवाच्या मैत्रीत मरतात पण अजून पूर्ण शुद्ध झालेले नसतात त्यांची शुद्धी तिथे होते, आणि त्यांचं तारण नक्की झालेलं असतं. हे 'नक्की' फार महत्त्वाचं आहे. शुद्धीस्थानातून कोणी नरकात जात नाही, तिथून एकच दार उघडतं आणि ते स्वर्गाचं. आमच्या फादरांनी मला नाशिकरोडच्या भाषेत सांगितलं, "अगं वेटिंग लिस्ट नाही ती, तिकीट कन्फर्म झालेले लोक आहेत ते, प्लॅटफॉर्मवर उभे."

किती वेळ, हा पुढचा प्रश्न. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ च्या पत्रात लिहिलंय की ही शुद्धी आपल्या घड्याळाच्या वेळेत मोजता येत नाही, आणि ती आग म्हणजे ख्रिस्ताशी समोरासमोर भेट असं काही धर्मपंडित मानतात. जेनोआच्या संत कॅथरीननं तर म्हटलंय की स्वर्ग सोडला तर शुद्धीस्थानातल्या आत्म्यांइतका आनंद कुठेच नाही, दुःख आहे पण आनंदही आहे, दोन्ही एकदम. हे मला पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पटलं नव्हतं. नंतर आठवलं, मुलगी झाली तेव्हा मलाही दोन्ही एकदम होतं.

आपण कोणासाठीही ठामपणे म्हणू शकत नाही की ते शुद्धीस्थानातच आहेत. थेट स्वर्गातही असतील. मग त्यांच्यासाठीची मिस्सा, म्हणजे फादर चर्चमध्ये करतात ती मुख्य उपासना, वाया जाते का? नाही, देवाच्या घरी वाया काही जात नाही, असं समजून करत राहायचं.

२. शेवटचा संस्कार राहून गेला असेल तर

सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात, मीही. म्हणून जरा सविस्तर.

रुग्णाभ्यंग, म्हणजे आजाऱ्याला फादर पवित्र तेल लावतात तो, हा जिवंत माणसासाठीचा संस्कार आहे. माणूस नक्की गेलेला असेल तर तो देत नाहीत, त्याऐवजी फादर मृतासाठीच्या प्रार्थना म्हणतात. पण जीव गेलाय की नाही अशी शंका असेल तर देतात. त्यामुळे आयसीयूतून फोन आला की "आता काय उपयोग" असं म्हणत बसू नका, आधी फादरांना फोन लावा मग रिक्षा शोधा. आणि खरं तर इतकी वाटच बघू नका. मोठं ऑपरेशन असेल, वय झालं असेल, आजार गंभीर असेल तेव्हाच बोलवा. हा संस्कार फक्त मरणाऱ्याचा नाही आणि पुन्हाही घेता येतो. आम्ही बोलावलं नाही कारण मम्मी म्हणाली फादर आले की पप्पा घाबरतील. ही चूक करू नका.

आणि राहूनच गेला असेल तर? कन्फेशन न होताही माणूस मनातून, देवावरच्या प्रेमानं पश्चात्ताप करू शकतो, आणि संधी मिळताच कन्फेशन करायची तयारी असेल तर मोठ्या पापांचीही क्षमा होते, ही चर्चचीच शिकवण आहे. व्हेंटिलेटरवरच्या माणसाच्या मनात शेवटच्या तासात काय चाललं होतं ते तुम्हाला माहीत नाही, मला नाही, डॉक्टरला नाही.

ज्यांच्या घरात कोणी आत्महत्या केलीय त्यांच्यासाठी वेगळं सांगते, कारण आपल्याकडे अजून लोक कुजबुजतात की त्यांच्यासाठी मिस्सा चालत नाही. चालते. चर्च अशांच्या तारणाची आशा सोडत नाही, त्यांच्यासाठी प्रार्थना करतं, हे कॅटेकिझममध्येच, चर्चच्या शिकवणीच्या पुस्तकात, छापलेलं आहे. कोणी वेगळं सांगितलं तर सरळ फादरांकडे जा.

३. मिस्सा बुक करणं

मृतासाठी सगळ्यात मोठी मदत मिस्साची. फ्युनरल मिस्सा तर होतेच, त्यानंतर साधारण सातवा दिवस, तिसावा दिवस आणि वर्षाची करतात. मध्ये जमेल तेव्हा कधीही.

पॅरिशच्या, म्हणजे आपल्या भागातल्या चर्चच्या, ऑफिसात जाताना हे जवळ ठेवा:

- मृताचं पूर्ण नाव, बाप्तिस्म्याचं नाव वेगळं असेल तर तेही (आमच्याकडे कागदावर एक आणि घरात भलतंच असतं)
- मृत्यूची तारीख
- तुम्हाला हव्या असलेल्या दोनतीन तारखा, एक धरून बसू नका
- अर्पणाचे सुट्टे पैसे

दफनासाठी आणि चर्चच्या रजिस्टरसाठी वेगळे कागद लागतात: डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला, आधार, आणि बाप्तिस्म्याचा दाखला किंवा फॅमिली कार्ड. सरकारी मृत्यूनोंद २१ दिवसांत व्हायला हवी, हॉस्पिटलात मृत्यू असेल तर तेच कळवतात पण झाली का ते तुम्ही विचारा. बाप्तिस्म्याचा दाखला जिथे बाप्तिस्मा झाला त्याच चर्चमध्ये मिळतो. नाशिक धर्मप्रांत १९८७ साली पुण्यापासून वेगळा झाला म्हणून मी उगाच पुण्याला फोन करत बसले, पप्पांचं रजिस्टर श्रीरामपूरकडच्या त्यांच्या गावच्या चर्चमध्येच होतं, दहा मिनिटांत सापडलं.

पैशाचं सांगते, लोक विचारायला लाजतात. मिस्साचे पैसे ही फी नाही, अर्पण आहे, रक्कम बिशप मंडळी ठरवतात आणि ऑफिसात विचारली की सांगतात. पैसे नसतील तरी मिस्सा मिळते, गरिबांसाठी अर्पणाशिवायही मिस्सा करा असं चर्चच्या कायद्यातच फादरांना सांगितलंय. एका अर्पणाला एक मिस्सा हा नियम. पाचसहा जणांची नावं एकाच मिस्सात घ्यायची तर देणाऱ्यांना आधी सांगून त्यांची हरकत नाही ना हे बघावं लागतं. तेव्हा बुक करताना सरळ विचारा, "फादर, ही एकट्यांसाठी आहे की सगळ्यांची मिळून?" राग येत नाही त्यांना.

अजून एक. इंटेन्शन (मिस्सा कोणासाठी, कशासाठी ते) लिहिताना 'मृत' हा शब्द स्वतः बघून घ्या. एका ठिकाणी पप्पांचं नाव थँक्सगिव्हिंग आणि वाढदिवसाच्या यादीत वाचलं गेलं, मम्मी बाकावर ताठ झाली, मला मात्र हसू आवरेना, पप्पा असते तर केक मागितला असता.

यात्रेच्या आठवड्यात बाळ येशू मंदिराच्या बाजूला असल्या कामाला जाऊ नका, पाय ठेवायला जागा नसते.

४. तीस मिस्सांबद्दल

कोणीतरी मावशी सांगतेच की ग्रेगोरियन मिस्सा लावा. म्हणजे एका मृतासाठी सलग तीस दिवस रोज एक मिस्सा. गोष्ट संत ग्रेगरींच्या काळची, दीड हजार वर्षांपूर्वीची. त्यांच्या मठात जस्टस नावाच्या एका साधूकडे लपवलेली तीन सोन्याची नाणी सापडली, तो वारला, ग्रेगरींनी त्याच्यासाठी तीस दिवस मिस्सा करायला लावली आणि शेवटी तो आपल्या भावाला दिसून म्हणाला की आता मी सुटलो.

पॅरिशमध्ये हे सहसा जमत नाही. रविवारी एक मिस्सा सगळ्या धर्मग्रामासाठीच करावी लागते, शिवाय बाकीच्यांची इंटेन्शन्स आधीच लागलेली असतात. वयस्कर, रिटायर्ड फादर किंवा मठातले फादर करतात, आपल्या फादरांनाच विचारा की कोणाकडे पाठवता येईल. तीसही मिस्सा एकाच फादरांनी केल्या पाहिजेत असं नाही. इंटरनेटवर नंबर बघून अनोळखी खात्यात पैसे टाकू नका. मी टाकले. समोरून हात जोडलेला इमोजी आला, पुढे काही नाही.

परवडत नसेल तर सोडून द्या. ही सवलतीची स्कीम नाही की तीस घेतल्या तरच फायदा.

५. नोव्हेंबरचे आठ दिवस

हे मात्र चुकवू नका, आणि याला एक रुपया लागत नाही.

१ ते ८ नोव्हेंबर या दिवसांत दफनभूमीत जाऊन मृतांसाठी प्रार्थना केली, मनातल्या मनात का होईना, तर पूर्ण दंडमुक्ती मिळते, म्हणजे क्षमा झालेल्या पापांची उरलेली शिक्षा माफ, इंग्रजीत जिला प्लेनरी इंडल्जन्स म्हणतात ती, आणि ही फक्त मृतांनाच देता येते. २ नोव्हेंबरला ऑल सोल्स डे, त्या दिवशी चर्चमध्ये जाऊन प्रभूची प्रार्थना ('आमच्या बापा') आणि श्रद्धांगीकार (इंग्रजीतलं क्रीड) म्हटला तरी मिळते, १ तारखेच्या दुपारी बारापासूनच. म्हणजे पुण्यामुंबईला नोकरी आहे, कबर नाशिकला आहे, तरी तुम्ही राहता तिथलं चर्च आणि तिथलीच दफनभूमी चालते.

अटी अशा:

- कन्फेशन. त्याच दिवशी हवं असं नाही, आधी किंवा नंतर साधारण वीस दिवसांत चालतं, आणि एका कन्फेशनवर सगळे आठ दिवस निघतात
- कम्युनियन (मिस्सात पवित्र भाकर घेणं), हे मात्र प्रत्येक वेळेचं वेगळं
- पोपसाहेबांच्या हेतूंसाठी प्रार्थना, एक 'आमच्या बापा' आणि एक 'नमो मरिया' पुरे, हेही प्रत्येक वेळी
- कुठल्याही पापाची, अगदी बारीकसुद्धा, मनात ओढ नको

शेवटची अट वाचून मी गारच पडले. ती पूर्ण जमली नाही तर दंडमुक्ती पूर्ण न होता अंशतः होते, शून्य होत नाही. आणि पूर्ण दंडमुक्ती दिवसाला एकच, त्यामुळे एका दिवसात आजी, आजोबा, पप्पा असं तिघांचं उरकता येत नाही. मी वही काढून वाटणी केली होती, १ ते ५ पप्पा, ६ आजी वगैरे. हसा.

६. दिवस मोजू नका

वहीवरनं आठवलं. आजीचं जुनं प्रार्थनेचं पुस्तक कपाटात सापडलं, पानं तेलकट, मध्ये सुकलेलं चाफ्याचं फूल, आणि प्रत्येक प्रार्थनेखाली बारीक अक्षरात '३०० दिवस', '७ वर्षे' असं छापलेलं. मला वाटलं सापडलं, म्हणजे ही प्रार्थना म्हटली की पप्पांचे तीनशे दिवस कमी. रात्री एक्सेल उघडली. एका कॉलममध्ये प्रार्थना, एकात किती वेळा, एकात दिवस, खाली टोटल. दोन आठवड्यांत चाळीस हजारांवर गेले आणि मग लक्षात आलं की वजा कशातनं करायचे तो आकडाच माझ्याकडे नाही. ओपनिंग बॅलन्सच माहीत नाही.

ती शीट मी फादरांना मोबाइलवर दाखवली. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले ते दिवस शुद्धीस्थानातले नव्हतेच गं. जुन्या काळी चर्चमध्ये पापांसाठी उघड प्रायश्चित्त करावं लागायचं, अमुक दिवस उपास, अमुक वर्षं दाराबाहेर उभं राहणं, तर ही प्रार्थना तेवढ्या दिवसांच्या प्रायश्चित्ताच्या मोलाची, असा त्याचा अर्थ. लोकांचा माझ्यासारखाच घोळ व्हायचा, म्हणून पोप सहावे पॉल यांनी १९६७ मध्ये दिवसवर्षं मोजणं काढूनच टाकलं. घरात जुनं पुस्तक असेल तर प्रार्थना खुशाल म्हणा, आकडे सोडा.

तेच व्हॉट्सअपचं. "ही प्रार्थना एकदा म्हटली की हजार आत्मे सुटतात, दहा जणांना पाठवा." प्रार्थना चांगली असते, हजारचा आकडा खरा धरू नका. आणि दहा जणांना पाठवू नका, प्लीज.

७. त्यांची राहिलेली कामं करा

हे मला कोणी सांगितलं नव्हतं, उशिरा सुचलं, आणि झोप यायला लागली ती यानंतरच. मृताची देणी राहिली असतील तर ती फेडा. पप्पांची किराणा दुकानात साडेतीन हजार उधारी होती, एका जुन्या मित्राचं ड्रिल मशीन माळ्यावर होतं. दोन्ही परत केलं. त्यांच्या नावानं कोणाची शाळेची फी, कोणाचं औषध, जे जमेल ते द्या, दानधर्मही मृतांसाठी चालतो.

आणि भांडणं. मी काकांना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं, "बघू" म्हणाले आणि ठेवला. तुमचाही असाच ठेवतील कदाचित, तरी करा.

८. नातेवाईक, शेजारी, आणि 'मी आत्म्याशी बोलतो' वाले

नाशिकमध्ये आपल्यातल्या निम्म्या घरांत कोणीतरी प्रॉटेस्टंट असतंच, आमची आत्या शरणपूरची. ती म्हणते मेल्यावर प्रार्थना कशाला, बायबलमध्ये कुठाय. कॅथलिक बायबलमध्ये मक्काबीच्या दुसऱ्या पुस्तकात बाराव्या अध्यायात आहे, आणि त्यांच्या बायबलमध्ये ती पुस्तकंच नाहीत, म्हणून वाद घालून उपयोग नाही. पण तुम्ही वाचा तो अध्याय. लढाईत मेलेल्या सैनिकांच्या कपड्यांखाली परक्या देवांचे ताईत सापडतात, आणि त्यांचा सेनापती यहूदा मक्काबी त्यांना टाकून देत नाही, वर्गणी काढून त्यांच्या पापांसाठी यरुशलेमला अर्पण पाठवतो. ताईत घातलेल्यांसाठी! पप्पांचे दोन पेग त्यापुढे काय.

काकूंसारख्यांवर चिडू नका, त्या त्यांच्या परीनं आपल्या माणसाची काळजीच करत असतात. मी आता म्हणते, "काकू, आमच्यात मिस्सा असते, रविवारी या." एकदा आल्या, मागच्या बाकावर बसल्या, नंतर विचारलं प्रसाद सगळ्यांना का देत नाहीत. ते समजावणं जास्त अवघड होतं.

आत्मा बोलावून देतो, स्वप्नाचा अर्थ सांगतो, अडकलाय म्हणून सोडवतो, अशांकडे जाऊ नका, कितीही जीव तुटला तरी. मृतांना बोलावणं चर्चला साफ नामंजूर आहे. पप्पा स्वप्नात आले तर उठून एक 'नमो मरिया' म्हणा आणि कूस बदला. माझ्या स्वप्नात ते रिमोट शोधत होते. त्याचा अर्थ मी काढलेला नाही.

९. २ नोव्हेंबरला दफनभूमीत जाताना

संध्याकाळी गर्दी होते, फादर प्रार्थना म्हणत कबरींवर पवित्र पाणी शिंपडत जातात, त्याच्या तासभर आधी पोचा. सोबत खराटा, पाण्याची कॅन, जुनं फडकं (पावसाळ्यानंतर गवत गुडघ्याएवढं असतं, कबर सापडायलाच वेळ लागतो), विळा असेल तर विळा. झेंडू घरून न्या. मेणबत्त्या जाड घ्या आणि बिसलरीच्या रिकाम्या बाटल्या न्या, कारण त्या सुमाराला वारा असतो आणि उघडी मेणबत्ती पाच मिनिटं टिकत नाही. बाटली मधोमध कापायची, तळाशी मूठभर माती, त्यात मेणबत्ती रोवायची.

ही बाटलीची आयडिया काकांची. मी चौथ्यांदा काडी ओढत होते तेव्हा मागून आले, काही बोलले नाहीत, खिशातनं ब्लेड काढलं आणि खाली बसून बाटली कापायला लागले.